पाटलांच्या भिंतीतला झरा

पंचशीलानं न्हाणीच्या पुढ्यात खड्डा खणायला घेतला तेव्हा तिची सासू सरजाबाई कमरेवर हात ठेवून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "कोण मेलंय?"

"कुनी न्हाई मेलं, आत्या. शोषखड्डा हाय ह्यो."

"शोष तर समद्या गावालाच पडलाय. त्याला खड्डा कशाला पायजे?"

पंचशीला बोरमाळच्या अंगणवाडीत बाई होती. निलंग्याच्या एका शिबिरात ती शिकून आली होती की, न्हाणीचं आणि भांड्यांचं पाणी दारात सांडू द्यायचं नाही, जमिनीत मुरवायचं. चिखल होत नाही, डास होत नाहीत, आणि खर्च म्हणाल तर नुसत्या अंगमेहनतीचा. तळाला मोठे दगड, वर विटांचे तुकडे, त्यावर वाळू, आणि तोंडाशी बुडाला भोकं पाडलेलं एक मडकं. मडक्यात नारळाच्या शेंड्या कोंबायच्या, म्हणजे खरकटं तिथंच अडकतं. आधी बाईनं आपल्या घरी करायचं, मग गावाला शिकवायचं, असा शिबिराचा हुकूम होता. याच हुकमानं मागं घरात बिनधुराची चूल आली होती, आणि धुराशिवाय भाकरीला चव लागत नाही म्हणून सरजाबाईनं त्या चुलीशी अबोला धरला होता.

दिवस दुष्काळाचे होते आणि जिल्हा नवा होता. उस्मानाबादेतून लातूर वेगळं काढून फार काळ लोटला नव्हता. नव्या कचेरीत खुर्च्या आल्या होत्या, पंखे आले होते, शिक्के आले होते. पाणी तेवढं यायचं राहिलं होतं. बोरमाळचा आड कोरडा पडला होता आणि गाव टँकरवर जगत होतं. टँकर चावडीपुढं थांबायचा. आधी गाव भरून घ्यायचं, मग उरलंसुरलं वरच्या वस्तीला.

वरची वस्ती म्हणजे बौद्धांची. पिढ्यान्पिढ्या हे लोक गावाच्या खालच्या अंगाला राहत आले होते आणि गावाचं सांडपाणी त्यांच्या दारातून वाहत आलं होतं. मग सरकारनं प्लॉट द्यायचं ठरवलं. चांगली जमीन द्यायला कुणाचं मन होईना, तेव्हा गावाच्या वर जो मुरमाड उतार होता, जिथं कुसळसुद्धा उगवत नव्हतं, तो यांना दिला. देताना एवढंच कुणाच्या ध्यानात आलं नाही की, आता हे लोक गावाच्या वर गेले.

वस्तीच्या बरोबर खाली नरसिंगराव पाटलांचा गोठा होता.

खड्डा झाला. मुरमानं पाणी असं गिळलं की बघत राहावं. सरजाबाईनं दोन घागरी मुद्दाम ओतून पाहिल्या आणि पाणी गुडुप झाल्यावर मान वाकडी केली. तिच्याकडून एवढीच शाबासकी मिळायची. मग शेजारच्या घरांनीही नाल्या काढून आपापल्या न्हाणीचं पाणी त्याच खड्ड्याला जोडलं. वस्तीतला चिखल गेला, डास गेले. पंचशीलानं मडक्याभोवती आळूची पानंसुद्धा लावली. आपल्या हातून काहीतरी नीट झालं, असं तिला त्या दिवसांत वाटत होतं. ते फार टिकलं नाही.

पाटलांच्या गोठ्याची मागची भिंत दगडी होती आणि उताराला टेकलेली होती. एका सकाळी पाटलीणबाई धुरपताबाई तिथं शेणी थापायला गेल्या तर भिंतीचे खालचे दगड ओले. दुसऱ्या दिवशी त्यातून थेंब पडू लागले. आणखी थोड्या दिवसांनी करंगळीएवढी धार लागली. पाणी नितळ, थंड, मुरमातून गाळून आलेलं. पाटलांनी ओंजळीत धरलं, डोळे मिटले आणि पिऊन टाकलं.

"गोड हाय," ते म्हणाले. "लई गोड."

दुपारपर्यंत गुरव आला, नारळ फुटला, दगडाला शेंदूर लागला. पाटलांनी झऱ्याचं नाव पाताळगंगा ठेवलं. आपल्या आज्यानं ह्याच जागी तप केलं होतं, असंही त्यांना त्या दुपारी आठवलं. आज्यानं तिथं तंबाखू मळण्यापलीकडं काही केल्याचं गावातल्या म्हाताऱ्यांना आठवत नव्हतं. पण पाणी पाटलांच्या भिंतीतून येत होतं, त्यामुळं म्हाताऱ्यांनी तोंडं मिटली. बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. वर जाऊन हे पाणी येतं कुठून ते बघावं, असं एकाच्याही डोक्यात आलं नाही. तो उतार चढून त्या वस्तीत जायची गावाला सवयच नव्हती.

त्यात सोमवारची भर पडली. पंचशीलाचा नवरा श्रीमंत लातूरच्या नव्या कचेरीत शिपाई होता. शनिवारी एसटीनं घरी यायचा, रविवारी निवांत अंघोळ करायचा. कचेरीत साहेब लोकांत वावरायचं म्हणून तो चंदनाच्या वासाचा साबण वापरायचा आणि त्या साबणाला घरात कुणाला हात लावू द्यायचा नाही. रविवारी तो अंगाला फेस करायचा आणि सोमवारी सकाळी पाताळगंगेला चंदनाचा मंद वास सुटायचा.

"सोमवारीच काहून येतो वास?" गुरव लोकांना विचारायचा आणि स्वतःच सांगायचा, "महादेवाचा वार हाय. वरतून चंदन लावून येऊन राहिलंय पाणी."

गुरवाचं हे बोलणं, तसं पाहिलं तर, तंतोतंत खरं होतं.

पंचशीलाला हे सारं अंगणवाडीतल्या पोरांकडून कळलं. पोरं ओल्या तोंडानं यायची आणि गंगेचं पाणी पिऊन आलो म्हणून सांगायची. ती घागर घेऊन बघायला गेली. पाटलांनी लांबूनच हात आडवा केला.

"बाई, घागर तितंच ठिवा. देवाचं पाणी हाय. तुमच्या वस्तीला टँकर हाय की."

घागर तिनं तिथंच ठेवली. नाक मात्र ठेवता आलं नाही. सोमवार होता. तिनं वास घेतला, उताराकडं वर पाहिलं, सरळ रेषेत आपल्या न्हाणीचा कूड दिसला. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, नवऱ्याच्या अंगाचा वास तिला ओळखता येणार नाही तर कुणाला.

घरी येऊन तिनं सांगितलं तेव्हा सरजाबाई हसत हसत खाली बसली. हसून हसून तिला ठसका लागला, पदरानं डोळे पुसले आणि पुन्हा हसली. "मी न्हायलेलं पाटील पितोय," एवढंच ती म्हणत होती. "मह्या सासऱ्याला आडावर पाय ठेवला म्हणून ह्याच्या बापानं झोडपला होता. आन् मी न्हायलेलं ह्यो पितोय."

श्रीमंत पुढच्या शनिवारी आला, तो हसला नाही. त्याच्या मामाचं घर नांदेडकडं होतं. काही वर्षांपूर्वी विद्यापीठाच्या नावावरून झालेल्या दंगलीत ते जाळलं होतं. "तितं नुसतं नाव होतं," श्रीमंत हळू आवाजात म्हणाला. "हितं तर पाणी हाय. तोंडातून सबूद काढू नका."

"आन् पोरं पितात ते?"

"मी काय करू? मी अंघोळ सोडू?"

पंचशीलाची झोप गेली. बोलावं तर गाव बाटवलं म्हणून वस्ती पेटायची, न बोलावं तर तिच्याच हातानं वजन करून घेतलेली लेकरं न्हाणीचं पाणी पिणार. तिनं मधली वाट काढून पाहिली. पाणी उकळून पाजा, वरून तसा आदेश आलाय, असं ती आयांना घरोघर सांगत फिरली. देवाचं पाणी उकळायचं म्हटल्यावर आया कानावर हात ठेवू लागल्या, आणि पाटलांनी चावडीवर बोलावून तिला समज दिली. मग खड्डा बुजवायचं तिनं मनात आणलं. पण खड्डा बुजवला असता तर वस्तीचं सगळं सांडपाणी उघड्यावरून वाहत, सगळ्या गावाच्या डोळ्यांदेखत, थेट पाटलांच्या गोठ्यात उतरलं असतं. म्हणजे सगळं आपोआप कळलं असतं. ती दिवसातून कितीदा तरी खड्ड्यापाशी जाऊन उभी राहायची आणि परत घरात यायची. सरजाबाई म्हणायची, "अंडी उबवलालीस का काय तितं?"

एवढ्यात तालुक्याचा एक अंमलदार पाताळगंगेचं दर्शन घेऊन गेला. नव्या जिल्ह्याला काहीतरी चांगलं दाखवायला हवंच होतं. रस्ते दाखवता येत नव्हते, धरण दाखवता येत नव्हतं. झरा दाखवता येत होता. त्यानं वर कळवून टाकलं की, बोरमाळमध्ये जिवंत झरा लागला असून गावाची टंचाई संपली आहे. वरच्यानं आणखी वर कळवलं. आणि ज्या गावाची टंचाई संपली त्या गावाला टँकर कशाला?

टँकर बंद झाला.

गावाला आधी यात मोठेपणा वाटला. पाटलांनी तर पेढे वाटले. त्यांना टँकरची गरज नव्हतीच. त्यांच्या मळ्यात उसाची विहीर होती, तिला अजून पुरुषभर पाणी होतं, आणि दुष्काळात तिच्यावर कुलूपबंद झाकण होतं. घाबरली ती वरची वस्ती. आता नाल्याच्या रेतीत लांबवर जाऊन झिरे उकरायचे आणि वाटीवाटीनं घागर भरायची. प्यायला पुरलं म्हणजे झालं. अंघोळी बंद झाल्या. कपडे धुणं बंद झालं. भांडी राखेनं कोरडी घासून पुसू लागले. खड्ड्यातलं मडकं सुकलं, आळूची पानं पिवळी पडली.

आणि खाली पाताळगंगा आटू लागली.

धार करंगळीएवढी होती ती सुतासारखी झाली, मग थेंबावर आली, मग नुसती ओल राहिली. आता गावात टँकरही नव्हता आणि झराही नव्हता. बायांची भांडणं सुरू झाली. गुरव म्हणाला कुणाचा तरी विटाळ झाला. पाटील बेचैन झाले, कारण लातूरहून मोठे साहेब सोमवारी येणार होते. गावाच्या वेशीला टंचाईमुक्त गाव अशी पाटी लागायची होती, आणि पाटलांनी निरोप धाडला होता की साहेबांना चंदनाच्या वासाचं पाणी पाजू.

मग पाटलांनी शंकरप्पाला आणवलं. शंकरप्पा कर्नाटकाच्या सीमेपलीकडचा पाणाड्या. हातावर नारळ आडवा ठेवून चालायचा. जिथं नारळ उभा राहील तिथं पाणी. त्यानं दाखवलेल्या जागी आजवर या भागात कितीतरी विहिरी खणल्या गेल्या होत्या आणि त्या कोरड्या विहिरींत पोरं आता क्रिकेट खेळायची. पण पाटलांपुढं दुसरा इलाज नव्हता. शंकरप्पानं भिंतीपासून सुरुवात केली. तळहातावर नारळ घेऊन तो उतार चढू लागला. मागं पाटील, धोतराचा सोगा हातात धरून. ज्या उतारावर पाटलांच्या घराण्यातला कुणी पाय ठेवला नव्हता, तो उतार पाटील धापा टाकत चढले.

शंकरप्पा वस्तीत शिरला, एका अंगणातून गेला, कुडाला वळसा घातला आणि थांबला. नारळ डुगडुगला आणि उभा राहिला.

"नीरू इल्ले इदे," शंकरप्पा म्हणाला. मग पाटलांना कळावं म्हणून मराठीत म्हणाला, "पाणी हितंच हाय, गौडा. मूळ हितंच."

नेमकी त्याच वेळी सरजाबाई न्हाणीतून बाहेर आली. पाय धुवायला म्हणून तिनं तांब्याभर पाणी जपून ठेवलं होतं. तिच्या पायांवरून ओघळलेलं पाणी नालीतून आलं, मडक्यात शिरलं आणि शेंड्यांतून खाली नाहीसं झालं. पाटील त्या पाण्याकडं बघत राहिले. नालीवरून त्यांची नजर मडक्यावर गेली, मडक्यावरून उतारावर, उतारावरून खाली आपल्या गोठ्याच्या भिंतीवर. मग ते शेजारच्या दगडावर बसले.

"काय बघलालाव, मालक?" सरजाबाईनं विचारलं.

पाटलांनी सोग्यानं तोंड पुसलं. शंकरप्पा मात्र खुलला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याचा नारळ खरा ठरला होता. इथं खणा, सात पिढ्यांना पुरेल, असं तो पुन्हा पुन्हा सांगू लागला. पाटलांनी त्याला दंडाला धरून खाली नेलं आणि तसाच एसटीत बसवून दिला.

सोमवार उजाडला. कोंबडं आरवायच्या सुमाराला वस्तीत बैलगाडीची चाकं वाजली. पंचशीलानं दार उघडलं तर गाडीवर पिंप, आणि गाडी हाकायला खुद्द पाटील. सोबत गडी नव्हता. डोक्यावरून उपरणं असं घेतलं होतं की, जावयाची नजर चुकवून जाणारा सासराही इतकं घेणार नाही.

"सरजाबाई उठल्यात का?" पाटलांनी विचारलं.

आजवर ते सरजे म्हणायचे. सरजाबाई आतून बाहेर आली.

"मळ्यातलं पाणी आणलंय," पाटील म्हणाले. "विहिरीचं. सोच्छ हाय."

"कशापाई, मालक?"

"तुमास्नी..." पाटील अडखळले. "अंघोळीला."

सरजाबाईनं त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं. "मालक, मह्या आयुष्यात मह्या अंघोळीची चौकशी कुनी केली न्हाई. मेलेल्या नवऱ्यानं सुदिक."

"सरजाबाई, इज्जतीचा सवाल हाय. साहेब येऊन राहिलेत."

पंचशीला पुढं झाली. ती म्हणाली, "पाटील, रांजण आत हाय. ओतून द्या."

पाटलांनी दोन्ही बाजूंना पाहिलं. मग घागर भरली, खांद्यावर घेतली, उंबऱ्यापाशी क्षणभर थांबले आणि वाकून आत गेले. रांजण भरेपर्यंत त्यांच्या खेपा चालल्या. चुलीपाशी, देव्हाऱ्याच्या जागी बुद्धाचा फोटो होता, तिथंपर्यंत त्यांचे ओले पाय उमटले. शेवटची घागर रिकामी करून ते घाम पुसत बाहेर आले.

"जरा लौकर उरका," ते म्हणाले. "खाली पोचायला येळ लागतो. समद्या वस्तीनं करा. आन् त्यो साबण... श्रीमंता हाय का घरी?"

"कालच गेले लातूरला. साहेबाच्या जीपमदी येणार हायत."

"मंग साबण तरी असंल की."

"साबण हाय," पंचशीला म्हणाली. अंघोळ करते असं ती म्हणाली नाही. पाटलांच्या ते गाडी वळवण्याच्या घाईत ध्यानात आलं नाही.

गाडी गेल्यावर पंचशीला रांजणापुढं उभी राहिली. कितीतरी दिवसांत तिच्या डोक्यावरून पाणी गेलं नव्हतं. केस चिकटले होते, मान खाजत होती. काठोकाठ भरलेला रांजण समोर होता आणि पाण्यात तिचं तोंड दिसत होतं. तिनं तांब्या बुडवला. मग तो तसाच हातात धरून तिनं वस्तीतल्या बायांना हाका मारल्या आणि सगळ्यांना प्यायला आणि स्वैपाकाला पाणी वाटून दिलं. खड्ड्यात एक थेंब गेला नाही. सरजाबाईनं तेवढ्यात एक तांब्या पायांवर घ्यायचा प्रयत्न केला, तो सुनेनं हातातून काढून घेतला.

"भिंत कोरडी राहिली तर टँकर येईल, आत्या. भिंत वली झाली तर पाटी लागंल."

साहेबांची जीप धुरळा उडवत आली. मागं श्रीमंत मांडीवर पाटी घेऊन बसला होता, कापडात गुंडाळलेली. सगळं गाव गोठ्यामागं जमलं होतं. धुरपताबाई आरतीचं तबक घेऊन उभ्या, गुरव शेंदूर लावून तयार, आणि पंचशीलाला पोरांची रांग घेऊन स्वागताला उभं केलेलं. साहेब भिंतीपुढं आले. भिंतीवर तळाशी एक ओलसर डाग होता, बशीएवढा.

"पाणी कुठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"येणार, साहेब. आत्ता येतंय," पाटील म्हणाले.

सगळे थांबले. कुणीतरी खोकलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. पाटलांनी उताराकडं पाहिलं, भिंतीकडं पाहिलं, पुन्हा उताराकडं पाहिलं. त्यांच्या कानशिलावरून घामाची धार लागली होती. त्या घडीला गावातलं वाहतं पाणी तेवढंच होतं. शेवटी त्यांना राहवेना. साऱ्या गावादेखत, साहेबांच्या खांद्यावरून वाकून, त्यांनी पंचशीलाला विचारलं,

"बाई, तुम्ही आज अंघोळ केली न्हाई का?"

धुरपताबाईंच्या हातातलं तबक वाजलं. साहेबांनी काळा चष्मा काढला. जीपजवळ उभ्या श्रीमंताच्या हातातली पाटी कापडासकट खाली आली. परक्याच्या बाईला तिची अंघोळ विचारणारा पाटील बोरमाळनं तोवर पाहिला नव्हता. पाटलांनाही आपण काय बोललो ते आता कळलं होतं, पण सुटका नव्हती. त्यांनी असं का विचारलं, हे ते कुणाला सांगणार होते?

पंचशीला हसून वेळ मारून नेऊ शकली असती. भिंत कोरडी होती, टँकर परत येणार होता, काम झालं होतं. ती गप्प राहायच्या बेतातच होती. पण रांगेतली एक पोरगी हळूच सरकून पुढं गेली होती. पाटलांचीच नात, फ्रॉकची नाडी सुटलेली. ती भिंतीपाशी उकिडवी बसली आणि त्या ओल्या डागाला जीभ लावून चाटू लागली.

पंचशीलानं तिला उचलून कडेवर घेतलं.

"न्हाई केली अंघोळ," ती साहेबांकडं बघत म्हणाली. "टँकर बंद झाल्यापून वस्तीत कुनीच केली न्हाई. म्हणून ह्यो झरा आटला. मह्या न्हाणीचं पाणी हाय हे, साहेब. वर शोषखड्डा हाय, बघून घ्या. चंदनाचा वास आमच्या ह्यांच्या साबणाचा हाय. लेकरं पितात म्हणून बोलले. आता काय करायचं ते करा."

श्रीमंतानं डोळे मिटून घेतले. जमावात एक हालचाल झाली, माणसं एकमेकांकडं बघू लागली, मागं दोघातिघांनी धोतरं खोचली. साहेब उतार चढून वर गेले, खड्डा पाहून आले, आणि रुमालानं मान पुसत त्यांनी साधा सरकारी प्रश्न विचारला.

"औषध द्यावं लागेल. हे पाणी कोण कोण प्यायलं, हात वर करा."

एकही हात वर झाला नाही.

साहेबांनी पुन्हा विचारलं. धोतर खोचलेल्यांनी धोतरं सोडली. एकजण म्हणाला, आम्ही फक्त म्हशीला पाजलं. दुसरा म्हणाला, आम्ही सारवायला नेत होतो. गुरव म्हणाला, मी नुसतं शिंपडत होतो, तेसुद्धा दुसऱ्यांवर. ज्या दोन जावांनी पाताळगंगेच्या पहिल्या घागरीवरून एकमेकींच्या झिंज्या उपटल्या होत्या, त्या शपथेवर सांगू लागल्या की, त्यांना तर पहिल्यापासूनच संशय होता. पाटील म्हणाले, "मी तर गोठा धुवायला ठिवलं होतं, साहेब. लोकांनीच त्याचं काय काय केलं."

गाव बाटवलं म्हणून ओरडायचं, तर आधी आपण प्यालो हे सांगावं लागणार होतं. सांगायला कुणी तयार नव्हतं. त्यामुळं बोरमाळमध्ये त्या दिवशी कुणी बाटलं नाही, आणि वरच्या वस्तीत एक दगडसुद्धा आला नाही. साहेबांनी टँकर पुन्हा सुरू करायचा हुकूम जागच्या जागी दिला आणि औषधाच्या गोळ्या चावडीवर ठेवून जायला सांगितलं. गोळ्या कुणी हातात धरताना दिसलं नाही. पण संध्याकाळी डबी रिकामी होती.

टँकर आला त्या दुपारी धुरपताबाई एकट्याच उतार चढून वर आल्या. सगळ्यांना दिसेल अशा भर उन्हात. पंचशीलाच्या ओट्यावर बसल्या, पदरानं वारा घेतला, आणि बराच वेळ कशासाठी आलो ते बोलल्याच नाहीत. नात बरी आहे म्हणाल्या. मालक घरात कुणाशी बोलत नाहीत म्हणाल्या. मग इकडंतिकडं बघून म्हणाल्या,

"मी प्यालेय, बाई. रोज दोन तांबे. आता खोटं कशाला बोलू."

पंचशीला दारातून सरकून त्यांच्याजवळ ओट्यावर बसली.

"तान लागलीय," धुरपताबाई म्हणाल्या. "घागरीतलं द्या. न्हाणीतलं चाललं, मंग घागरीतल्याला काय झालं?"

आतून सरजाबाई बाहेर आली. तिनं पेला विसळला, घागरीतलं पाणी काठोकाठ भरलं आणि पाटलीणबाईंच्या हातात दिला.

"टँकरचं हाय," ती म्हणाली. "चव लागंल का न्हाई, सांगता येत न्हाई."